एका हातातले दोन टाके

रविवारी दुपारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाला कुलूप लागलं, की डॉक्टर जालिंदर खरात मागच्या दाराने आत शिरायचा आणि बकऱ्याच्या पायांतल्या शिरा शिवत बसायचा.

पाय केरबा खाटीक राखून ठेवायचा. सुरुवातीला त्याने ते मुकाट्याने कागदात बांधून दिले. मग एकदा न राहवून विचारलंच, "डाक्टर, एकटं माणूस तुमी. दर ऐतवारी आठ-आठ पाय न्हेता. रस्सा तरी किती वरपता?"

"खायला नव्हेत केरबा. अभ्यासाला."

"पायाचा अभ्यास?" केरबाने सुरा फडक्याला पुसला. "मंग आदी सांगायचं न्हाई का? म्या आपलं भाजून, साफ करून देतुया."

तेव्हापासून पाय कच्चे मिळायला लागले.

पंचाहत्तर सालची गोष्ट. जालिंदर तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि साताऱ्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात सर्जन होता. उसाचा हंगाम लागला की त्याच्याकडे कापलेले हात यायला लागायचे. कोयत्याने, विळ्याने, चरकात सापडून. कातडी शिवणं अवघड नव्हतं. अवघड होती ती आतली कंडरा, म्हणजे खेड्यातली माणसं जिला नुसती शीर म्हणतात ती. मनगटापासून बोटाच्या शेवटच्या पेरापर्यंत गेलेली ती पांढरी, चकचकीत दोरी ओढली जाते तेव्हा बोट मिटतं. ती तुटली की बोट जागचं हलत नाही. तळहाताच्या मध्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत ही दोरी एका अरुंद बोगद्यातून जाते. तिथे ती जोडायला गेलं तर एक तर बोगद्याला चिकटून बसते, नाही तर टाका उसवतो. म्हणून त्या टापूत हात घालू नये, असंच सगळ्यांना शिकवलेलं होतं.

"कातडी शिवा आणि घरी पाठवा," असं रुग्णालयाचे ज्येष्ठ सर्जन डॉ. लिमये म्हणायचे. "दोन बोटं ताठ राहिली म्हणून कुणी मरत नाही, खरात."

लिमये वाईट माणूस नव्हते. पण ताठ बोटाने कोयता धरता येत नाही, नांगराची मूठ धरता येत नाही, हे जालिंदरला ठाऊक होतं. तो माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडच्या एका वस्तीतला. बाप मुंबईच्या गोदीत हमाली करायचा, आई दुसऱ्यांची मेंढरं राखायची. तो सतरा वर्षांचा असताना अख्खी वस्ती बौद्ध झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो मॅट्रिक. वस्तीतला पहिला डॉक्टर. आता तो गावी गेला की माणसं उठून उभी राहायची. ज्यांच्याबरोबर माळावर होल्यांची पाखरं धरली ते मित्र त्याला अहो-जाहो करायचे, सतरंजी टाकायचे आणि स्वतः खाली जमिनीवर बसायचे. आई होती तोवर चुलीपुढे बसून बोलता तरी यायचं. ती गेल्यावर त्याचं जाणं कमी झालं.

साताऱ्यात निराळं. सहकारी डॉक्टर आदबीने वागायचे, ऑपरेशन थिएटरात त्याच्या हाताचं कौतुक करायचे. पण त्याच्या क्वार्टरवर चहाला कुणी यायचं नाही. नाही असं कुणी म्हणायचं नाही. "येऊ की एकदा," म्हणायचे. चार वर्षं झाली, ते एकदा अजून आलं नव्हतं. त्याने सहा कपबशांचा सेट आणून ठेवला होता. त्यातला एकच कप रोज विसळला जायचा.

मनातलं बोलण्यासारखा एकच माणूस होता, राजाराम, कॉलेजातला जोडीदार. तो इंग्लंडला गेला तो तिकडचाच झाला. त्याची पत्रं पहिल्या वर्षी दर महिन्याला आली, मग सणावारी, आणि आता वर्षाकाठी एखादं. पण शेवटच्या पत्राबरोबर त्याने एका मासिकाची काही पानं पाठवली होती. त्यांत कंडरेला घालायच्या एका नव्या टाक्याची आकृती होती.

जुना टाका बनेल नावाच्या सर्जनचा. त्यात धागा कंडरेतून आडवातिडवा जातो, बाजेच्या सुंभासारखा, फुलीवर फुली. नवा केसलरचा. तो चौकोनी. धागा चार कोपऱ्यांवर कंडरेचे थोडेथोडे तंतू पकडतो आणि मधला भाग मोकळा सोडतो. पानं वाचून जालिंदरला चैन पडेना. त्याने बकऱ्यांच्या कंडरा कापून दोन्ही टाक्यांनी जोडल्या, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसऱ्याला बादली लटकवली आणि बादलीत वाटीवाटीने वाळू घालत गेला. टाका तुटला की बादली वजनकाट्यावर. बेचाळीस जोड्या झाल्या. दोन्ही टाके साधारण सारख्याच वजनाला तुटत होते.

तिथेच तो अडला. मेलेल्या कंडरेत रक्त फिरत नसतं. जिवंत कंडरेत ते फिरतं, आणि आडव्यातिडव्या धाग्याने तिचा गळा आवळला जात असला तर ती पाच-सहा दिवसांत आतून मऊ पडणार, धागा तिला चिरत बाहेर येणार. असं खरंच होतं का, हे वाळूची बादली सांगू शकत नव्हती. ते माणसाच्या हातातच कळणार होतं.

त्याने हळूहळू सुरुवात केली. लिमयेंनी खांदे उडवून परवानगी दिली. चिठ्ठी काढायची, जुना निघाला तर जुना, नवा निघाला तर नवा. आपला कल मध्ये येऊ नये म्हणून चिठ्ठी. माघ महिन्यापर्यंत सहा हात झाले. जुन्या टाक्याच्या तिघांपैकी दोघांची बोटं बिघडली, नव्याच्या तिघांपैकी एकाचंच. पण कुणाची जखम स्वच्छ, कुणाची शेणामातीची. कुणी तरणा, कुणी साठीचा. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं त्याने वहीत लिहिलं. ते खरंच होतं. तरीही आता चिठ्ठीत 'जुना' निघू नये, असं त्याला वाटायला लागलं होतं.

सातवी होती बाळाबाई.

रहिमतपूरच्या अलीकडची धामणवाडी हे तिचं गाव. वय चाळिशीचं. नवरा फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईतून परत आला नाही. मुलगी वाईला दिलेली. घरात ती आणि एक म्हैस. उसाच्या वाढ्याचा, शेंड्याकडच्या पाल्याचा, भारा बांधताना काखेतला कोयता निसटला आणि तिने तो झेलायला हात घातला. पात्यावर मूठ आवळली गेली. शेजारच्या साळूबाईने हळद दाबून, लुगड्याच्या धडप्यात हात गुंडाळून तिला एस.टी.ने आणलं होतं.

जालिंदरने फडकं सोडलं. उजवा हात. तर्जनी आणि मधलं बोट मुळाशी कापलेलं, दोन्हींच्या कंडरा तुटलेल्या, बाकीच्या दोन बोटांना नुसतं खरचटलेलं. जखम स्वच्छ, धारेची, दोन तासांची. एकाच बाईच्या एकाच हातात, एकाच पात्याने, एकाच क्षणी झालेल्या दोन सारख्या जखमा. त्याला एकदम जाणवलं, की याहून चोख तुलना आयुष्यात पुन्हा मिळणार नाही.

"बोटं ऱ्हातील न्हवं डाक्टर?" ती म्हणाली. "धार काढाय येईल न्हवं? आमची म्हस दुसऱ्याच्या हाताला लागत न्हाई. पान्हा चोरती."

"प्रयत्न करू," तो म्हणाला. कागदावर तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. त्यावर ऑपरेशनला संमती एवढंच छापलेलं होतं.

काखेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला होता. ती हिरव्या पडद्याच्या पलीकडे जागी होती. चंद्राबाई सिस्टरने नेहमीप्रमाणे वाटीत दोन चिठ्ठ्या धरल्या.

"तर्जनीची काढा," जालिंदर म्हणाला.

"नवा."

"म्हणजे मधल्याला जुना."

पडद्यापलीकडून आवाज आला, "कसली चिठ्ठी वं डाक्टर?"

त्याने हातमोजे चढवले. "काही नाही. तुम्ही डोळे मिटून पडा."

तिने मिटले असावेत. ऑपरेशन दोन तास चाललं. त्याने दोन्ही टाके जीव ओतून घातले, इतके नेटके त्याने पूर्वी कधी घातले नव्हते. जुना घालतानाही कुचराई केली नाही. हे पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

मनगट वाकवून हाताच्या पाठीला प्लॅस्टरची पट्टी बांधली. तीन आठवडे ती वॉर्डात राहिली, घरी एका हाताने करणार काय? राउंड संपल्यावर जालिंदर तिच्या खाटेशी थांबायचा. बोटांचा रंग बघायला एक मिनिट पुरलं असतं, पण तो पाच-दहा मिनिटं थांबायचा. ती म्हशीची चौकशी करायची, जणू त्यालाच तिकडची खबर असावी. एकदा बँडेज बदलताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "वाईच थांबा."

तिने मान वर केली. "वाईच? तुमी आमच्यातलंच की वं. मला वाटलं पुन्याचं हायसा. कुठलं गाव?"

"माणातलं. दहिवडीकडचं."

"आन् आडनाव?"

"खरात."

ती थोडी गप्प झाली. जालिंदरला ती गप्प होण्याची लांबी चांगली परिचयाची होती. पुढचं काय तेही तो ओळखून होता. तो बँडेज गुंडाळत राहिला.

"तिकडं पानी न्हाई म्हंत्यात," ती शेवटी म्हणाली. "मंग म्हशीबिशी कशा पाळत असतील?"

"मेंढरं पाळतात."

घरी गेल्यावर दर बुधवारी ती हाताच्या व्यायामाला यायची. असले व्यायाम करून घेणारं दुसरं कुणी तिथे नव्हतंच, म्हणून जालिंदर स्वतः तिचा हात टेबलावर घेऊन एकेक बोट धरून वाकवायचा, सोडायचा. वीस वेळा हे, वीस वेळा ते. पहिल्याच बुधवारी तिने पितळेच्या तांब्यातून दही आणलं. पाणी पिळून घट्ट केलेलं. तो म्हणाला, ठेवा, नंतर खाईन. तर ती म्हणाली, "आताच खावा. तांब्या माघारी पायजे. येकच हाय घरात." त्याने तिच्यासमोर दही खाल्लं. तिने तांब्या पिशवीत टाकला आणि एस.टी. गाठायला निघून गेली.

तो तांब्या दर बुधवारी येत गेला. मंगळवारी संध्याकाळी जालिंदरला उगाच बरं वाटायचं. मग त्याच्या लक्षात आलं, की उद्या बुधवार आहे म्हणून ते वाटतंय.

सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी ती आली, स्टुलावर बसली, पण हात पदराखालून काढेना.

"डाक्टर, माज्या हातनं लय वंगाळ झालं."

"काय झालं?"

"साळूबाई कशीबशी धार काढत हुती, पर चार दीस झालं म्हशीनं तिला जवळ येऊ दिलं न्हाई. कास तट्ट. वरडाय लागली हो. मला बगवंना. सोमवारी बसले खाली. म्हनलं, चार धारा. न्हाई तर कास सुजायची." तिने हात टेबलावर ठेवला. "मदल्या बोटात तटकन् झालं. वाळली काटकी पायाखाली मोडावी तसं."

त्याने म्हटलं, मिटा. तर्जनी मिटली. सावकाश, पण टोक तळहाताला लागेपर्यंत मिटली. मधलं बोट समोर ताठ उभं राहिलं. त्याने त्याचं शेवटचं पेर धरून पाहिलं. आत ओढणारं काही उरलं नव्हतं.

"तुमी एवडी म्येहनत घेतली, आन् मी त्याचं मातेरं केलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोन म्हैनं आनखी दम धराय पायजे हुता. मीच मेली आगावू."

याच क्षणी बोलायला हवं होतं. दोन्ही बोटं एकाच सडाला लागली होती, दोघांवर ओढ सारखीच होती. एक टिकलं, एक तुटलं. टिकलं ते नव्या टाक्याचं. चूक तिच्या घाईची असती तर दोन्ही गेली असती. हे त्याला ती बोलत असतानाच कळलं होतं. आणि कळल्याबरोबर, लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याला आनंद झाला होता.

"होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या एका ऑपरेशनने मनगटातली जादा शीर काढून इथे घालता येते."

"नगं आता. पुन्यांदा तीन म्हैनं म्हस कुनाच्या गळ्यात घालू?"

तिने दही काढून दिलं. त्याने ते खाल्लं. दुपारी वहीत लिहिलं: रुग्ण क्रमांक सात, तर्जनी उत्तम, मधलं बोट, सहाव्या आठवड्यात टाका तुटला.

बुधवार चालू राहिले, पंधरवड्याने, मग महिन्याने. दर वेळी ती कुठे ना कुठे स्वतःला एखादी शिवी हासडायचीच. आणि दर वेळी तो गप्प बसायचा. सातव्यानंतर त्याने जुना टाका घातला नाही. पुढचे चार हात त्याने नव्यानेच शिवले. चिठ्ठ्यांची वाटी चंद्राबाईंनी कपाटात ठेवून दिली.

शहात्तरच्या ऑक्टोबरात सांगलीला डॉक्टरांचं विभागीय अधिवेशन भरलं. जालिंदरने निबंध पाठवला होता: 'बोट मिटवणाऱ्या कंडरांच्या दुरुस्तीतल्या दोन टाक्यांची तुलना'. जेवणाच्या आधीची पंधरा मिनिटं त्याला मिळाली. माणसं चुळबुळत होती. त्याने वाळूच्या बादलीपासून सुरुवात केली, मागे कुणीतरी हसलं. मग एकेक रुग्ण सांगत तो सातव्यावर आला आणि पडद्यावर बाळाबाईचा हात उमटला. पुरुषभर उंच. अंगठ्याजवळ चुलीचा जुना चटका, तर्जनी मिटलेली, मधलं बोट उभं. सभागृह एकदम शांत झालं. ते चित्र पाहिल्यावर कुणाला आकड्यांची गरज उरली नव्हती.

टाळ्या झाल्या. सर्जन झाल्यापासूनच्या आठ वर्षांत त्याच्यासाठी झालेल्या पहिल्या टाळ्या. बाहेर मांडवात मुंबईचे एक नामांकित सर्जन आपण होऊन त्याच्याकडे आले.

"एकाच हातात दोन्ही टाके! असा पुरावा मिळायला नशीब लागतं हो. बाई काही बोलली नाही?"

"नाही," जालिंदर म्हणाला.

"बरं झालं." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते जिलबीच्या टेबलाकडे गेले.

लिमयेही येऊन "चांगलं झालं हं खरात," म्हणून गेले. मग सगळे आपापल्या ओळखीच्या घोळक्यात मिसळले. जालिंदर ताट घेऊन मांडवाच्या खांबाशी उभा राहिला. गेलं वर्षभर या दिवसाची वाट बघितली होती. आता मनात एकच येत होतं, की हे सगळं कुणाला तरी सांगावं, आणि आता सांगण्यासारखं जे एकमेव माणूस होतं, बाळाबाई, तिलाच हे सांगता येत नव्हतं. बाई बोलली नाही, कारण बाईला कुणी विचारलंच नव्हतं. ताट तसंच ठेवून तो स्टेशनवर गेला.

पॅसेंजर रखडत निघाली. तिकीट साताऱ्याचं होतं. कराड गेलं, तारगाव गेलं. रहिमतपूरला गाडी थांबली तेव्हा तो उतरला. उतरायचं आधी ठरवलं होतं असं नाही. धामणवाडीकडे जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्याने त्याला बसवून घेतलं. कोटाची घडी मांडीवर धरून तो बसला.

दिवस मावळायला आला होता. बाळाबाई गोठ्यात म्हशीखाली बसलेली होती. गुडघ्यांत चरवी. अंगठा, तर्जनी आणि शेवटची दोन बोटं सडाभोवती, आणि मधलं बोट बाजूला ताठ. दर ओढीला ते म्हशीच्या कासेला टोचत होतं, म्हणून तिने त्यावर चिंधी गुंडाळली होती. अशी ती कशी धार काढते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"आगं बया, डाक्टर!" ती उठायला लागली.

"उठू नका. काढा धार. मला कायतरी सांगायचं हाय, तेवडं आयका."

साताऱ्याच्या रुग्णालयात तो असं कधी बोलला नव्हता. तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि धार चालू ठेवली. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. दोन टाके, जुना आणि नवा. कुठला चांगला हे बघायचं होतं ते. एका बोटाला एक घातला, दुसऱ्याला दुसरा. जुना बरा न्हाई अशी मनात शंका हुती, तरी घातला. बोट गेलं ते तिच्या घाईनं न्हाई, टाक्यानं गेलं. आणि हे त्याला त्याच बुधवारी कळलं हुतं.

धारेचा आवाज थांबला.

"ती चिठ्ठी," बाळाबाई म्हणाली.

"व्हय."

"म्या इचारलं हुतं तुमास्नी."

"व्हय."

म्हशीने पाय हलवला. तिने चरवी उचलून बाजूला ठेवली. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ती उभी राहिली.

"इचारलं असतं तर मी व्हय म्हनले असते का न्हाई, ते आता कसं सांगू? कदाचित म्हनले बी असते. मला त्यातलं काय कळतंय! पर इचारायचं तर हुतं." तिचा आवाज चढला नव्हता. "बोटाचं येक ऱ्हाऊ द्या. सात म्हैनं मी सोताला शिव्या देतीया. लेकीला सांगितलं, साळूबाईला सांगितलं, समद्या गावाला सांगितलं, की डाक्टरनं हात चांगला केला हुता, म्याच खराब केला. आन् तुमी समोर बसून दही खात हुता."

चुकलं, असं तो म्हणाला, पण ते इतक्या हळू की तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्याने दुसऱ्या ऑपरेशनचं सांगितलं. सगळं आपण करू, म्हशीसाठी माणूस ठेवू.

"बगू," ती म्हणाली. मग कंदील पेटवायला वळता वळता, पाठमोरीच: "कोरेगावाकडची येश्टी हाय आता येक. चालत गेलासा तर फाट्याव घावंल."

तिने बस म्हटलं नाही, चहाचं विचारलं नाही. तो फाट्यापर्यंत चालत गेला.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जालिंदरने दोन पत्रं टाकली, ती वाचून दाखवायला गावात कुणीतरी असेलच. उत्तर आलं नाही. त्याचा निबंध एका मासिकात छापून आला. त्याने एक प्रत राजारामला पाठवली, आणि तीन महिन्यांनी त्याचं चार ओळींचं अभिनंदनाचं कार्ड आलं. छापण्याआधी जालिंदरने हस्तलिखितात एक वाक्य घातलं होतं, की रुग्ण क्रमांक सातला या तुलनेची कल्पना देण्यात आली नव्हती. संपादकांनी ते अनावश्यक म्हणून गाळलं होतं.

रविवारी केरबाकडे जाणं त्याने थांबवलं नाही. आता तो टाका कुठे, किती खोल घ्यावा ते बघत होता. पण थिएटरात जायच्या आधी तो रुग्णाशेजारी स्टूल ओढून बसायला लागला. कागदावर हाताचं चित्र काढायचा, काय करणार ते सांगायचा, काय बिघडू शकतं तेही सांगायचा. काही जण ऐकून घाबरायचे, नुसती कातडी शिवा म्हणायचे. तो तशी शिवून द्यायचा. लिमये म्हणाले, "खरात, तुम्ही बोलून बोलून पेशंट पळवाल." एक-दोन पळालेही.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, एक पंचविशीचा गडी हाताला टॉवेल गुंडाळून आला. गुंडा त्याचं नाव. चरकात ऊस घालताना पत्र्याने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कापलं होतं. जालिंदरने टॉवेल सोडत विचारलं, "गाव?"

"धामणवाडी."

त्याने जखम पाहिली. दोन्ही कंडरा तुटलेल्या. "इथं कुणी पाठवलं?"

"बाळाबाईनं. आमच्या शेजारची. म्हनली, कुठं जाऊ नगंस, तितंच जा."

जालिंदरने कापसाचा बोळा उचलला, परत ठेवला. "आणखी काय म्हणाली?"

गुंडा जरा अडखळला. "राग न्हाई न्हवं यायचा? म्हनली, त्यो हात लावायच्या आदी समदं इचारून घे. येकूनयेक. सांगत नसला तर माघारी ये."

"बरोबर म्हणाली." त्याने बोळा पुन्हा उचलून जखम पुसली. "धार काढते का ती?"

"काढती की. दोन म्हशी हायती आता तिच्या."

"आणि हात दाखवायला येणार म्हणाली का?"

"न्हाई बा. तसलं काय न्हाई म्हनली."

जालिंदरने मान हलवली. चंद्राबाईंना थिएटर तयार करायला सांगितलं. मग त्याने स्टूल खाटेजवळ ओढलं, खिशातून पेन्सिल आणि कागद काढला आणि बोटांची बाह्यरेषा काढायला घेतली.

"बघ गुंडा," तो म्हणाला, "ही बोट मिटवणारी शीर. ती हितं तुटलीया. आता मी काय करणार हाय ते नीट आयक. आन् न्हाई पटलं, तर तसं सांग."